आइस्क्रीम की फ्रोझन डेझर्ट? डबा उचलण्याआधी फॅट विचारा

२२ सप्टेंबर २०२५ पासून आइस्क्रीमवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चॉकलेट, केक, बिस्किटं यांच्यावरचा करही त्याच दिवशी तेवढाच उतरला. कोल्हापुरात राजारामपुरीत म्हणा, महाद्वार रोडला म्हणा, फ्रीजरमधल्या नव्या नावांची गर्दी आता थांबायची चिन्हं नाहीत. मोची, कुनाफा, ब्राउनी बार, गुळाचं आइस्क्रीम, साखर नसलेलं आइस्क्रीम. पोरं एकेक नवं नाव घेऊन हट्ट धरतात आणि मोठी माणसं डबा हातात घेऊन उलटसुलट बघत राहतात.

या गर्दीत एक जुना घोळ अजून तसाच आहे. एका डब्यावर ‘आइस्क्रीम’ लिहिलेलं असतं, शेजारच्या तशाच डब्यावर बारीक अक्षरात ‘फ्रोझन डेझर्ट’. चित्र तेच, चव जवळपास तीच, किमतीतही फार अंतर नाही. कराच्या लेखी दोन्ही एकाच रांगेत बसतात, त्यामुळे बिलावरूनही काही कळत नाही. दुकानदाराला विचारावं तर उत्तर ठरलेलं: “सगळं एकच आहे ओ ताई, घ्या.”

एकच नाही. आणि हा फरक आपल्या जिल्ह्यात समजायला अवघड जाऊ नये. गावोगावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ जो प्रश्न विचारला जातो, तोच फ्रीजरपुढं उभं राहून विचारायचा आहे: फॅट किती, आणि कशाची?

आधी, गार गोळ्यात असतं काय

दूध आटवून, साखर घालून नुसतं फ्रीजरमध्ये ठेवलं की काय होतं ते घरोघरी ठाऊक आहे. वर कडक पापुद्रा धरतो, आत बर्फाचे खडे होतात, चमचा रुतत नाही. दुधातलं पाणी सावकाश गोठतं आणि सावकाश गोठताना बर्फाचे कण मोठे होतात. हे कण मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षा मोठे झाले, की जिभेला रवाळ लागायला सुरुवात होते.

आइस्क्रीम करताना मिश्रण आधी तापवून निर्जंतुक करतात, मोठ्या दाबाखाली त्यातल्या फॅटचे थेंब बारीक करतात आणि मग गोठवता गोठवता सतत घुसळतात. घुसळण्यानं दोन गोष्टी होतात. भांड्याच्या कडेला धरणारा बर्फ मोठा व्हायच्या आत खरवडला जातो आणि मिश्रणात हवा शिरते. ही हवा धरून ठेवायचं काम फॅट करते. आणि साखर? ती गोडीपुरती नसते. साखर विरघळलेलं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्यामुळे उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्येही थोडं पाणी दाट पाकाच्या रूपात पातळ राहतं. म्हणूनच आइस्क्रीम चमच्यानं काढता येतं.

जुन्या लाकडी पिंपातलं पॉट आइस्क्रीम याच तत्त्वावर व्हायचं. बर्फात खडेमीठ घातलं की त्याचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं (मिठाच्या पाण्याची शेवटची मर्यादा उणे २१ अंश), आणि आतलं भांडं हातानं फिरवत राहिलं की खरवडणं आणि हवा भरणं आपोआप होतं. दंड भरून येईपर्यंत भांडं फिरवणारी माणसं त्या हातांनी बर्फाचे कण बारीक ठेवत होती.

म्हणजे घासात असतं ते एवढंच: बर्फाचे कण, हवा, फॅट, साखरेचा पाक आणि दुधातले बाकीचे घन पदार्थ. या घन पदार्थांना, म्हणजे प्रथिनं, दुग्धशर्करा आणि क्षार यांना मिळून, एसएनएफ म्हणतात. दूध घालणाऱ्या घरात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

फॅट किती लागली?

कोल्हापुरात दुधाची पारख फॅटवर होते. म्हशीच्या दुधाचा दर ६ फॅट आणि ९ एसएनएफ धरून जाहीर होतो. फॅट पॉइंटनं कमी लागली तर दर पडतो आणि त्या दिवशी वैरणीपासून मोजणाऱ्या यंत्रापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला जातो. १९६३ साली स्थापन झालेला गोकुळ दूध संघ, तात्यासाहेब कोरे यांनी उभी केलेली वारणा, हा सगळा डोलारा या एका आकड्यावर उभा आहे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर डोळ्यांसमोर धार काढून घेऊन, फेसाळता पेला उभ्या उभ्या रिकामा करणारं हे गाव आहे. दुधात काय आहे हे इथं कुणाला शिकवायला नको.

मग हीच नजर आइस्क्रीमला लावू. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमांनुसार ज्याला नुसतं ‘आइस्क्रीम’ म्हणायचं, त्यात किमान १० टक्के फॅट लागते आणि ती दुधाचीच लागते. शिवाय किमान ३.५ टक्के प्रथिनं आणि सगळे घन पदार्थ मिळून किमान ३६ टक्के. ‘मीडियम फॅट’ लिहिलेलं असेल तर दुधाची फॅट २.५ टक्क्यांहून जास्त आणि १० टक्क्यांच्या आत. ‘लो फॅट’ असेल तर २.५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही.

फुल क्रीम दुधाच्या पिशवीत ६ टक्के फॅट असते हे लक्षात घेतलं की १० टक्क्यांचा अर्थ कळतो. नुसतं चांगलं दूध घेऊन आइस्क्रीम होत नाही, वरून साय, क्रीम किंवा लोणी घालावं लागतं. यात खर्च आहे.

‘फ्रोझन डेझर्ट’ या प्रकारात एकूण फॅटचं माप तेच राहतं, पण ती फॅट खाद्य वनस्पती तेलाची असली तरी चालते. सगळी तेलाची, किंवा थोडी दुधाची आणि थोडी तेलाची. त्या तेलाला एक अट आहे: ते ३७ अंशांच्या आत वितळलं पाहिजे. आपल्या शरीराचं तापमान तेवढंच असतं. त्यापुढं वितळणारी फॅट तोंडात घन राहिली असती आणि टाळूला मेणचट थर बसला असता.

अनेकांना वाटतं तसं फ्रोझन डेझर्ट दुधाशिवाय बनतं असं मात्र नाही. बहुतेकांत स्निग्धांश काढलेल्या दुधाची पावडर असते, प्रथिनं दुधाचीच असतात. बदलते ती फॅट. आणि फॅट हाच आइस्क्रीममधला सगळ्यात महागडा भाग आहे.

कंपन्या असं का करतात?

पहिलं कारण पैसा. पाम तेल किंवा खोबरेल दुधाच्या फॅटपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

दुसरं कारण ऋतूचं आहे आणि ते दूध उत्पादकाला चटकन पटेल. म्हशी पावसाळ्यापासून पुढं वितात, थंडीत दूध भरपूर येतं. हा पुष्टकाळ. एप्रिल-मेमध्ये वैरण संपते, पाणी आटतं, दूध कमी होतं. हा कृशकाळ. आइस्क्रीमला मागणी नेमकी कृशकाळात असते. म्हणून दुधाचं आइस्क्रीम करणाऱ्यांना थंडीतलं लोणी आणि पावडर साठवून ठेवावी लागते, त्यात भांडवल अडकतं. तेलाचा पिंप मात्र बाराही महिने मिळतो.

म्हणजे ही भेसळच झाली की!

नाही. लेबलवर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहून, कोणतं तेल आहे ते सांगून विकलं तर तो कायदेशीर खाद्यपदार्थ आहे. भेसळ तेव्हा, जेव्हा आत तेल असतं आणि बाहेर ‘आइस्क्रीम’ लिहिलेलं असतं.

याच मुद्द्यावर २०१७ साली मोठं भांडण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. अमूलनं जाहिरातीतून सांगितलं, की आपलं आइस्क्रीम खऱ्या दुधाचं आणि फ्रोझन डेझर्ट म्हणजे वनस्पती तूप. तेव्हा क्वालिटी वॉल्स बनवणारी हिंदुस्तान युनिलिव्हर त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि न्यायालयानं त्या जाहिराती थांबवल्या. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात ‘फ्रोझन डेझर्ट म्हणजे डालडा’ एवढंच पक्कं बसलंय.

डालडा आणि पाम तेल यांत फरक आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. वनस्पती तूप करताना तेलावर हायड्रोजन वायूची प्रक्रिया करून ते घट्ट करतात. ही प्रक्रिया अर्धवट झाली की ट्रान्स फॅट नावाचा प्रकार तयार होतो आणि हृदयाला सगळ्यात घातक फॅट तीच. पाम तेल आणि खोबरेल नैसर्गिकरीत्याच घट्ट असतात, त्यांना ही प्रक्रिया करावी लागत नाही. शिवाय जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात आणि ते वापरून केलेल्या पदार्थांत औद्योगिक ट्रान्स फॅट एकूण फॅटच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

तेव्हा घाबरायचं कारण नाही. प्रश्न आपण कशाचे पैसे देतोय याचा आहे. आपल्या म्हशीच्या फॅटला एकेका पॉइंटचा हिशेब लागतो, तर त्याच फॅटच्या नावावर खपणाऱ्या डब्यालाही तो लागलाच पाहिजे. मला हे मनापासून वाटतं. जो डबा खऱ्या दुधाच्या फॅटचा आहे त्याला जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही, कारण त्यातले काही पैसे भुदरगड-राधानगरीच्या गोठ्यापर्यंत पोचण्याची शक्यता तरी आहे.

दुधाची फॅट चांगली, तेल वाईट?

इतकं सरळ नाही. डॉक्टर ज्या संपृक्त फॅटबद्दल बजावतात, तिचं प्रमाण दुधाच्या फॅटमध्ये साधारण ६५ टक्के असतं. पाम तेलात निम्म्याच्या आसपास. खोबरेलात ९० टक्क्यांच्या घरात. कोलेस्टेरॉल दुधाच्या फॅटमध्ये असतं, वनस्पती तेलात नसतं. म्हणजे नुसत्या संपृक्त फॅटवर बोट ठेवायचं तर पाम तेलाचा डबा उलट उजवा ठरेल आणि खोबरेलाचा सगळ्यात मागं राहील.

चवीचं म्हणाल तर तिथं दुधाची फॅट निर्विवाद पुढं आहे. ती एका ठरावीक अंशाला वितळत नाही. तिच्यातला काही भाग फ्रीजरमध्येही मऊ असतो, काही जिभेवर वितळतो, काही अगदी शेवटी. त्यामुळे चव तोंडात हळूहळू उलगडते. तेल तेवढी चव देत नाही, म्हणून तिथं व्हॅनिला, चॉकलेट, बटरस्कॉच असे जोरदार स्वाद जास्त लागतात. दोन्ही डबे एकाच बैठकीत खाऊन बघायचे तर साधा, कमी स्वादाचा प्रकार घ्या. मलाई किंवा साधं व्हॅनिला. फरक तिथं लपत नाही.

आरोग्याच्या हिशेबात दोन्हीकडं साखर भरपूर आहे. त्या बाबतीत कोणताच डबा दुसऱ्यापेक्षा पुण्यवान नाही.

मिलिलिटरमध्ये काय काय मोजलं जातं

आइस्क्रीम वजनावर नाही, आकारमानावर विकलं जातं. ७०० मिलिलिटर, १ लिटर, ९० मिलिलिटरचा कप. आणि आकारमानात हवाही मोजली जाते. भेळेचे चिरमुरे मापानं घेणं आणि वजनावर घेणं यात जो फरक, तोच हा फरक आहे: माप शिगोशीग भरलेलं दिसतं, पण तराजूवर टाकलं की खरं कळतं.

कायद्यानं यालाही तळ घालून दिलाय. पूर्ण फॅटचं आइस्क्रीम असो वा फ्रोझन डेझर्ट, एका लिटरचं वजन किमान ५२५ ग्रॅम भरलंच पाहिजे. घुसळण्याआधी त्याच मिश्रणाचं लिटरभर वजन १ किलो १०० ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे कायद्याच्या तळाला असलेल्या डब्यात निम्म्याहून थोडी जास्त हवा असते. ७०० मिलिलिटरच्या डब्यात या हिशेबानं ३६८ ग्रॅम तरी माल हवा.

घरी स्वयंपाकाचा डिजिटल काटा असेल तर पडताळणं दोन मिनिटांचं काम आहे. डबा आणताच वजन करायचं, संपला की धुऊन-पुसून रिकाम्या डब्याचं करायचं, वजाबाकी करायची. आलेल्या ग्रॅमला मिलिलिटरनं भागायचं. उत्तर ०.५२ च्या जवळ आलं तर भरपूर हवा, ०.७ च्या पुढं गेलं तर घट्ट माल. एखादा डबा दुसऱ्यापेक्षा तीस रुपयांनी महाग असतो आणि ग्रॅममागं मात्र स्वस्त निघतो. हे छापील किमतीवरून कधीच कळत नाही.

हवा वाईट असते असा याचा अर्थ नाही. हवाच नसेल तर दगड होईल, दात लागणार नाही. पण किती हवा, हे आपल्याला माहीत असायला हवं.

‘वितळतच नाही, म्हणजे प्लास्टिक आहे’

हा व्हिडिओ दर उन्हाळ्यात फिरतो. उन्हात ठेवलेला कप तासाभरानं तसाच उभा, आणि खाली ‘पोरांना विष देऊ नका’. असा व्हिडिओ पुढं पाठवण्याआधी डब्याची मागची बाजू वाचावी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते, जे जास्त ते आधी. फ्रोझन डेझर्टची यादी साधारण अशी चालते: पाणी, साखर, खाद्य वनस्पती तेल, दुधाचे घन पदार्थ, द्रव ग्लुकोज, आणि शेवटी काही आकडे. ४७१, ४१२, ४६६, ४०७.

४७१ हा फॅट आणि पाणी यांची जुळणी सांभाळणारा पदार्थ. बाकीचे पाणी धरून ठेवणारे दाटपणाचे पदार्थ. ४१२ म्हणजे गवार गम. आपण भाजी करतो त्याच गवारीच्या बियांची पूड, भारतात मुख्यतः राजस्थानातून येते. ४०७ समुद्री शेवाळातून मिळतो. हे सगळे चिमूटभर असतात. बर्फ वितळला तरी यांनी बांधलेला फेस आपला आकार सोडत नाही, म्हणून कप उभा दिसतो. बोट लावलं तर आत मऊ झालेलं कळतं. त्यात हवा जास्त असेल तर उष्णता आतपर्यंत पोचायलाही वेळ लागतो. सावकाश वितळणारं आइस्क्रीम भेसळीचंच, असं म्हणता येत नाही. आणि भराभर वितळणारं शुद्धच, असंही नाही.

आपली कुल्फी आणि आपला गूळ

नव्याच्या मागं धावताना कुल्फीकडं दुर्लक्ष होतं याचं मला वाईट वाटतं, कारण हिशेबात ती भल्याभल्या डब्यांना भारी पडते. कुल्फी घुसळत नाहीत, त्यामुळे तिच्यात हवा जवळपास नसते. ६० मिलिलिटरच्या कुल्फीचं वजन ६० ग्रॅमच्या वरच भरतं. हवेनं फुललेल्या आइस्क्रीमच्या १०० मिलिलिटरच्या कपात कदाचित तेवढंही भरत नाही.

आणि ती घरी जमते. ७ फॅटचं म्हशीचं दूध लिटरभर घेतलं तर त्यात ७० ग्रॅमच्या आसपास फॅट असते. ते आटवून ६०० मिलिलिटरवर आणलं, १०० ग्रॅम साखर घातली, की जवळपास ७०० ग्रॅमच्या मिश्रणात ७० ग्रॅम फॅट. बरोबर १० टक्के. कायद्यानं ज्याला आइस्क्रीम म्हणतात त्या मापाला आपला गॅसवरचा टोप पोचला. याच्यापुढं फार आटवू नये, कारण दुग्धशर्करा इतकी दाट होते की तिचे खडे धरतात आणि गार झाल्यावर दाताखाली वाळू आल्यासारखं वाटतं. हे खडे आणि बर्फाचे खडे यांतला फरक ओळखता येतो. बर्फाचा खडा तोंडात लगेच विरतो, दुग्धशर्करेचा बराच वेळ टिकतो.

आता गुळाचं. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हल्ली गुळाचं आइस्क्रीम, गुळाची कुल्फी बऱ्याच ठिकाणी मिळते. यात दोन अडचणी असतात आणि त्या समजल्या की घरी करणाऱ्यांचा एखादा टोप तरी वाचेल.

एक, गूळ थोडा आंबट वळणाचा असतो. उकळत्या दुधात टाकला तर दूध फाटतं. दूध आटवून, पूर्ण गार करून मगच गूळ घालायचा, किंवा गुळाचा पाक वेगळा करून, गाळून, गार करून मिसळायचा.

दोन, गुळात साध्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात. वजनाला वजन धरलं तर या दोन साखरा गोठणबिंदू साध्या साखरेच्या जवळपास दुप्पट खाली ओढतात. त्यामुळे गुळाचं आइस्क्रीम त्याच फ्रीजरमध्ये साखरेच्या आइस्क्रीमपेक्षा मऊ राहतं आणि बाहेर काढलं की लवकर पाघळतं. विकत घेतलेलं गुळाचं आइस्क्रीम मऊ लागलं म्हणून दुकानदाराशी वाद घालू नका. ते तसंच असतं.

‘गुळाचं आहे, मग शुगर असणाऱ्यांना चालेल ना?’ हा प्रश्न हमखास येतो. नाही चालत. गुळाचा मोठा भाग साखरच आहे. थोडे क्षार जास्त आहेत आणि चव फार सुंदर आहे, पण रक्तातली साखर त्यानंही वाढतेच.

नव्या नावांबद्दल थोडक्यात

चॉकलेटचं कवच असलेला बार घेताना आतलं आणि बाहेरचं वेगळं वाचायचं. आत अस्सल आइस्क्रीम असूनही वरचं कवच पुष्कळदा कोको बटरचं नसतं. कोको पावडर आणि वनस्पती फॅटच्या त्या मिश्रणाला धंद्यात ‘कंपाउंड’ म्हणतात. चावल्यावर कडकन तुटतं ते बहुधा खोबरेल किंवा पामच्या बियांच्या तेलामुळे.

मोची म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचं मऊ वेष्टन आणि आत आइस्क्रीम. उकडीच्या मोदकाची पारी माहीत असणाऱ्यांना पोत अनोळखी वाटणार नाही. लहान मुलांना देताना तुकडे करून द्यावेत, वेष्टन चिवट असतं आणि घशात अडकू शकतं.

पिस्त्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या हिरव्या रंगाला भुलू नये. यादीत पिस्ता कितव्या नंबरवर आहे ते बघा. बऱ्याचदा तिथं रंग आणि स्वाद एवढंच सापडतं.

‘नो ॲडेड शुगर’ म्हणजे वरून साखर घातलेली नाही, एवढंच. दुधाची स्वतःची साखर त्यात असतेच. ‘शुगर फ्री’ हा दावा वेगळा आहे, त्यासाठी १०० ग्रॅममागं साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर नसावी लागते. गोडीसाठी अशा डब्यांत माल्टिटॉल, सॉर्बिटॉल यांसारखे पदार्थ असतात. ते जास्त पोटात गेले तर जुलाब होतात. घरातल्या आजोबांसाठी डबा आणला तर एका वेळी एक लहान वाटी, एवढं पथ्य पाळायला लावा.

धूर निघणारं काही दिसलं तर

इथं मात्र आवाज चढवून सांगायला हवं. जत्रेत, प्रदर्शनात, लग्नाच्या स्टॉलवर ‘स्मोक बिस्किट’ किंवा धुराचं आइस्क्रीम मिळतं. तो धूर द्रवरूप नायट्रोजनचा. त्याचं तापमान उणे १९६ अंश असतं. त्यात गोठवलेलं आइस्क्रीम नायट्रोजन पूर्ण उडून गेल्यावर खाल्लं तर अतिशय मऊ लागतं, कारण क्षणात गोठल्यानं बर्फाचे कण अतिबारीक राहतात. धोका असतो तो उरलेल्या थेंबात. एक भाग द्रव नायट्रोजनचा सुमारे सातशे भाग वायू होतो. तो थेंब पोटात गेला तर आतली त्वचा गोठून जळते आणि फुगलेला वायू जठराला भोक पाडू शकतो. शेजारच्या कर्नाटकानं २०२४ मध्ये असे धूर काढणारे पदार्थ थेट खायला देण्यावर बंदी घातली.

ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, दिसायला साध्या बर्फासारखा असतो पण उणे ७८ अंशांचा असतो. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून तो दिला गेला आणि पाच जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. पार्सलच्या थर्माकोल डब्यात पांढरे धुरकट तुकडे असतील तर मुलांचा हात तिथं जाऊ देऊ नका. बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गाडीतही ते ठेवू नका.

पोरगं कितीही रडलं तरी तोंडातून धूर काढायचा खेळ नको. धूर संपेपर्यंत कप हातात घ्यायचा नाही, आणि स्टॉलवाल्याला थांबायला सांगायचं.

सुटं घेताना, आणि घरी आणल्यावर

डब्यावर लेबल असतं. कोल्ड्रिंक हाऊसमध्ये ग्लासभर कॉकटेल समोर येतं तेव्हा फळं, जेली, सुकामेवा आणि दाट दुधाखाली दडलेला गोळा कोणत्या जातीचा आहे ते दिसत नाही. तिथं विचारायचं, “दादा, यात घालताय ते आइस्क्रीम आहे का फ्रोझन डेझर्ट? डबा बघू जरा.” चांगला दुकानदार डबा दाखवतो. त्याच डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांकही असतो. तक्रार करायची वेळ आली तर तो लागतो, म्हणून मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

रंकाळ्यावर गोळा खाताना बर्फाचा रंग बघा. जो बर्फ खाण्यासाठी नाही, फक्त मासे-भाजी गार ठेवायला आहे, त्यात निळसर रंग घालणं २०१८ पासून बंधनकारक आहे. लादीवर निळी झाक दिसली तर तिथून उठायचं. पण रंग नाही म्हणजे बर्फ शुद्ध पाण्याचा, अशी खात्री धरू नये. गाडीवर बर्फ कुठून येतो हे विचारण्यात काही गैर नाही.

डब्याचं झाकण उघडल्यावर आत बर्फाचा चुरा दिसला, आइस्क्रीम कडेपासून सुटून खाली बसलेलं दिसलं, किंवा कोनाचं टोक वाकडं होऊन परत गोठलेलं दिसलं, तर तो माल वाटेत कुठंतरी वितळून पुन्हा गोठला आहे. वितळताना लहान कण विरघळतात आणि पुन्हा गोठताना त्यांचं पाणी मोठ्या कणांवर जमतं. ते पुन्हा बारीक होत नाहीत. रवाळपणा सोसता येईल, पण त्या मधल्या काळात जंतू वाढलेले असू शकतात. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, थांबून राहतात. असा डबा परत करावा.

गडहिंग्लज, गारगोटीकडं न्यायचा असेल तर डबा सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी भाजी, कपडे, औषधं, मग आइस्क्रीम. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत उभा ठेवला तरी बराच फरक पडतो. घरच्या फ्रीजरमध्ये दाराच्या कप्प्यात ठेवू नये, आत मागच्या बाजूला ठेवावा, कारण दर वेळी दार उघडलं की पुढचा भाग आधी तापतो. अर्धा खाऊन झालेल्या डब्यात आइस्क्रीमच्या पृष्ठभागाला चिकटवून बटर पेपर दाबून बसवला, की वर बर्फाची लव धरत नाही. लाइट बराच वेळ गेली आणि आतलं पातळ झालं असेल, तर ते परत गोठवत बसू नका.